रक्त शुद्ध आहे हो माझं

पोटाचा आजार घेऊन माणूस चारचौघांत निवांत बसू शकतो. त्वचेच्या आजाराला ती सोय नाही. तो सगळ्यांना दिसतो, आणि ज्याला दिसतो त्याच्याकडे उपाय असतोच. आमच्या इंदुरात हा उपाय तीन भाषांतून मिळतो: रामबागेतल्या हळदीकुंकवाला मराठीतून, भाजीच्या ठेल्यावर माळवीतून आणि कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिंदीतून. निदान मात्र तिन्हीकडे एकच. रक्त खराब झालंय. मग कारल्याचा रस, कडुनिंबाच्या कोवळ्या पानांची गोळी, काळं कडू रक्तशोधक सिरप. हे सगळं मी पिऊन-गिळून झालेलं आहे. कोपरांवरचे चट्टे जिथल्या तिथे.

मला सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे, कानामागून डोक्यात शिरलेली एक पट्टी, आणि थंडी पडली की पाठ. वर चंदेरी खपल्या, खाली लाल कातडी. आपली त्वचा खालच्या थरात नवी तयार होते, वर सरकते आणि साधारण महिन्याभरात झडून जाते. सोरायसिसमध्ये हा सगळा प्रवास तीन-चार दिवसांत उरकतो, कारण शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा काही कारण नसताना त्वचेला ‘घाई कर, घाई कर’ असं सांगत राहते. पेशी धड पिकायच्या आत वर येतात आणि साचतात. हे कुणाला लागत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, आणि रक्तात कसलीही घाण नसते. माझे रक्ताचे रिपोर्ट मेथोट्रेक्सेट या सोरायसिसच्या गोळीमुळे नियमित करावेच लागतात. शुद्ध आहे हो माझं रक्त. लिव्हरसकट.

निसर्गोपचाराकडे मी गेले ती माझ्यासाठी नव्हे. थोरल्या नणंदेचे, म्हणजे माईंचे गुडघे दुखत होते आणि सोबत कोणी हवं होतं. खंडवा रोडच्या बाजूला एक केंद्र आहे, तिथे आम्ही राहायला गेलो. तिथल्या डॉक्टरबाई उज्जैनच्या, साडेपाच वर्षांचा बीएनवायएसचा, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाच्या पदवीचा अभ्यासक्रम केलेल्या. त्यांनी माईंच्या गुडघ्यांआधी माझे गुडघे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो, गोळ्या कुठल्या चालू आहेत. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “वो बंद नहीं करनी है. जिन्होंने दी है, उनसे पूछे बगैर एक गोली इधर-उधर नहीं. हम जो करेंगे, ऊपर से करेंगे.” पुढचे दिवस मी त्या केंद्रात निर्धास्त राहिले ते या वाक्याच्या भरवशावर.

माळव्यात मातीला तोटा नाही. काळी, पावसाळ्यात चपलेला शेरभर चिकटणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकणारी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून त्या भेगा. केंद्रात मात्र वरवरची माती चालत नाही. तीन-चार फूट खणायचं, जिथवर खत, शेण, फवारणीची औषधं पोचलेली नाहीत तिथली माती काढायची, कडक उन्हात वाळवायची, कुटायची, चाळायची आणि आदल्या रात्री भिजत घालायची. सकाळी लाकडी पळीनं कालवून तिचा मऊ लोण्यासारखा लगदा करतात. पहिल्या दिवशी तो पाठीवर पडला तेव्हा दातावर दात वाजले. मग थोड्या वेळानं जाणवलं की खाज नाही. कमी झालेली नाही, नाहीच. ज्यांना रात्री-बेरात्री उठून उशीच्या कडेनं पाठ घासावी लागते, त्यांनाच या वाक्याची किंमत कळेल.

लेप लावणाऱ्या ताईंच्या मते माती अंगातलं विष खेचून घेत होती. तसं काही नसतं. खाजेची वर्दी मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंना गारवा गप्प करतो, एवढंच. ओलं फडकंही तेच काम करतं, पण फडकं लवकर सुकतं. चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते, त्यामुळे गारवा बराच वेळ टिकतो. त्यातही एक मेख आहे. लेप पार वाळून तडकेपर्यंत ठेवला तर तो उलट त्वचेतलाच ओलावा ओढतो आणि धुताना खपल्या उचकटतो. म्हणून अर्ध्या तासाच्या आत, ओलसर असतानाच तो काढायचा. आणि कातडी फुटलेली असेल, लस येत असेल तिथे माती अजिबात नाही. मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. महूकडून एक बाई आपल्या लहान मुलाला घेऊन आली होती, त्याच्या कोपराच्या खोबणीत ओला इसब. तिला मातीच हवी होती. डॉक्टरबाईंनी उकळून गार केलेल्या पाण्यातल्या स्वच्छ कापडाच्या घड्या दिल्या आणि त्याच चिठ्ठीवर मुलांच्या डॉक्टरकडे पाठवलं. बाई नाराज होऊन गेली. एवढ्या लांब येऊन नुसतं पाणी!

पाण्याला कमी लेखू नये. केंद्रात ‘गीली चादर लपेट’ नावाचा प्रकार होता: गार पाण्यात पिळलेली सुती चादर अंगाभोवती गच्च, तिच्यावर कोरडी घोंगडी. आधी हुडहुडी, मग ऊब, मग झोप. मी माझ्या स्किनच्या डॉक्टरांना हे जरा बिचकतच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, लहान मुलांच्या जुनाट इसबावर आम्हीही हेच करतो. आधी मलम, त्यावर ओल्या सुती कपड्याचा थर, त्यावर कोरडा. त्यांच्या पुस्तकात त्याला वेट रॅप म्हणतात. ओल्या थराखाली मलम चांगलं मुरतं, त्वचा गार राहते आणि नखं पोचत नाहीत.

एका गोष्टीवरून मात्र माझी तिथे वादावादी झाली. काथ्याच्या खरबरीत पंच्यानं कोरडं अंग घासायचं, त्याला घर्षणस्नान म्हणतात. बाकीच्यांना त्यानं तरतरी येत असेल. सोरायसिसमध्ये जिथे खरचटतं, घासलं जातं, चटका बसतो, तिथेच नवा चट्टा उमटू शकतो. हे एकोणिसाव्या शतकात हाइनरिख कोबनर या डॉक्टरनं नोंदवून ठेवलंय. ताईंना कोबनर कोण ते सांगण्यात अर्थ नव्हता. मी पंचा घेऊन माईंना दिला.

माईंची ठाम समजूत अशी की हे सगळं आपल्या ऋषिमुनींचं. ऋषिमुनींचं आहे ते आयुर्वेदात, आणि ते निराळं शास्त्र आहे. त्यात औषधी आहेत, काढे आहेत, भस्मं आहेत. निसर्गोपचार औषध नको म्हणतो. ओल्या चादरीचा हा थाट पसरवला तो व्हिन्सेंट प्रिस्निट्झ या शेतकऱ्यानं. जन्म 1799 चा, गाव ग्रेफेनबर्ग, आजच्या चेक प्रजासत्ताकात. गाडीखाली येऊन बरगड्या मोडल्या तेव्हा त्यानं ओल्या पट्ट्या बांधून स्वतःला बरं केलं आणि पुढे सगळा युरोप त्याच्या दारात गार पाण्यात बसायला आला. गंमत म्हणजे कोबनरही त्याच मुलखाच्या, सायलेशियाच्या पलीकडच्या भागातला, ब्रेस्लाउचा. कटिस्नान, म्हणजे टबात कमरेपर्यंत बसणं, हे लुई कुने या लाइपझिगच्या गृहस्थाचं. त्यानं 1883 मध्ये तिथे आपलं उपचारालय काढलं. मातीचा पुरस्कार ॲडॉल्फ जुस्ट या आणखी एका जर्मनाचा. गांधीजींनी कुने आणि जुस्ट वाचले, दक्षिण आफ्रिकेत स्वतःच्या पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवून पाहिल्या, ‘सत्याचे प्रयोग’मध्ये ते लिहिलं आणि 1946 मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम उभा केला. तिथून ही चादर आपली झाली. आमच्या खंडवा रोडवरच कस्तुरबाग्राम आहे, तेव्हा गांधींचं वारं या रस्त्याला नवं नाही. माईंना हे सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “जर्मनांनी तरी कुठून आणलं? वेदांतूनच ना?” मी पुढे बोलले नाही.

चादर घ्यावी, पण चादरीबरोबर कुनेचा सिद्धांतही घरात येतो, आणि माझी हरकत त्याला आहे. कुनेचं म्हणणं असं की आजार एकच. पोटात परकं द्रव्य साचतं, ते आंबतं, अंगभर पसरतं, आणि मग ते कुणाच्या सांध्यात, कुणाच्या डोक्यात, कुणाच्या कातडीत दिसतं. कातडीतून ते बाहेर पडत असेल तर चांगलंच, पडू द्या. यातूनच पुढे ‘उभाड’ ही कल्पना आली: उपचार सुरू झाल्यावर त्रास वाढला की समजावं, घाण निघतेय, आता बरं होणार. म्हणजे त्रास कमी झाला तरी उपचार बरोबर, वाढला तरी बरोबर! असा उपचार चुकायचा कधी?

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दुसऱ्या शहरातल्या एका केंद्रात गेले होते. त्यांनाही सोरायसिस, आणि बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू, त्याही कुणाच्या तरी सल्ल्यानं परस्पर. तिथे सांगण्यात आलं, सगळ्या गोळ्या आजपासून बंद, उपवास सुरू. आठवड्याभरात अंग लालबुंद झालं, त्यावर बारीक पुवाच्या पुटकुळ्या, ताप, हुडहुडी. केंद्रवाले म्हणाले, उभाड आहे, धीर धरा. तो उभाड नव्हता. सोरायसिसच्या माणसाच्या पोटातलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर आजार असा उसळी मारू शकतो, आणि सगळं अंग लाल होऊन तापलं की तो दवाखान्यात भरती होण्याचा प्रसंग असतो. शरीरातलं पाणी आणि उष्णता दोन्ही त्या उघड्या पडलेल्या त्वचेतून निघून जातात. त्यांच्या मुलीनं त्यांना गाडीत घालून इंदूरला आणलं. ते वाचले. रक्त खराब होतं म्हणून एवढं निघालं, असं ते अजूनही सांगतात.

गजकर्णाचं तर विचारू नका. घाम, घट्ट जीन्स, एकाच दोरीवर सगळ्या घराचे टॉवेल, आणि मेडिकलवरून विनाचिठ्ठी आणलेली ट्यूब, जिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर जोरकस स्टेरॉइडही असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत मजेत वाढते आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही. देशभर हेच चाललंय. केंद्रात देवासचा एक तरुण होता, कमरेभोवती मोठमोठी कडी उमटलेली. त्याला मातीनं गार वाटत होतं, पण बुरशी ही जिवंत वस्तू आहे. तिला मारायला बुरशीचंच औषध लागतं, आणि तेही चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी काही दिवस. डॉक्टरबाईंनी त्याला इंदूरच्या सरकारी एम.वाय. हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत धाडलं. सैल सुती कपडे, वेगळा टॉवेल, आंघोळीनंतर अंग नीट कोरडं करणं हा निसर्गोपचाराचा भाग मात्र त्यालाही सांगितला. खरजेचं तसंच. किडा मारणारं मलम सगळ्या घरानं एकाच रात्री लावायचं, त्यात कडुनिंबाच्या पाल्यावर विसंबून चालत नाही.

कडुनिंबावरून शीतलामाता आठवली. इंदूरमध्ये लग्नाच्या साड्या घ्यायला आपण शीतलामाता बाजारात जातो आणि नावाकडे लक्षही देत नाही. ही शीतला म्हणजे देवी या रोगाची देवता, वाहन गाढव, हातात केरसुणी, पाण्याचा कलश आणि कडुनिंबाची डहाळी. आमच्याकडे शिळासप्तमी श्रावणात, शेजारच्या माळवी घरांत ती रंगपंचमीनंतर दोन दिवसांनी. चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार जेवायचं. देवीचा रोग भारतातून 1975 मध्ये गेला आणि 1980 मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं, तो लशीनं. त्याचं श्रेय लशीलाच. पण मला लहानपणी कांजिण्या आल्या तेव्हा आजीनं जे केलं ते शीतलेच्याच वळणाचं होतं. खोलीत अंधार, जुनं मऊ लुगडं अंथरलेलं, पाहुण्यांना बंदी, पातळ गार जेवण, आणि खाज आली की नखांऐवजी कडुनिंबाची डहाळी अंगावरून फिरवायची. पानांनी खाज शमते, फोड फुटत नाही, व्रण राहत नाहीत. पोटात काय आंबलंय याचा विचार आजीनं केला नाही. कातडीला त्रास देणं थांबवलं आणि बाकीचं तापावर आणि दिवसांवर सोडलं. माझ्या मते निसर्गोपचारातलं त्वचेसाठी जे काही चांगलं आहे, ते एवढंच आहे, आणि ते थोडं नाही.

रंगपंचमीचा विषय निघालाच आहे, तर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक पाहायला राजवाड्यावर जाणाऱ्यांसाठी: आधी अंगाला आणि केसांना खोबरेल चोपडून जा. परत आल्यावर रंग एका आंघोळीत निघाला पाहिजे असा हट्ट धरून कपडे धुण्याच्या साबणानं किंवा लिंबानं कातडी सोलू नका. कोमट पाणी, पुन्हा तेल, पुन्हा पाणी. राहिलेला रंग चार दिवसांत त्वचेबरोबर आपोआप झडतो.

लिंबाचं मुद्दाम म्हटलं. लिंबाचा रस अंगावर आणि वरून ऊन, की काहींना भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य ज्यांच्या घरात बिब्बा होता त्यांनी तरी म्हणू नये. आजी टाचेच्या भेगांना सुईवर टोचून दिव्यावर तापवलेला बिब्बा लावायची. तिच्या टाचेला तो मानवायचा. माझ्या आत्याच्या घोट्याला त्याचा नुसता ओघळ लागला आणि पाय पोटरीपर्यंत उतला. लसणाच्या ठेच्यानं चामखीळ जाळायला जाऊन कातडी जाळून घेणारेही असतात. बावचीचं उदाहरण तर दोन्ही बाजूंनी बोलकं आहे. कोडावर बावची लावून उन्हात बसायचं, हा आपल्याकडचा जुना उपाय. तिच्यात सोरालेन असतं, ते त्वचेला उन्हाबाबत हळवी करतं, आणि याच तत्त्वावर आजची पुवा नावाची प्रकाशचिकित्सा उभी आहे. पण दवाखान्यात सोरालेनचीही मात्रा मोजतात आणि प्रकाशाचीही. इंदूरच्या मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ती कोण मोजणार?

ऊन मला मानवतं, हे मात्र खरं. केंद्रातल्या सकाळच्या सूर्यस्नानानं पाठ चांगली निवळली. प्रकाशानं त्वचारोग बरा होतो हे दाखवल्याबद्दल नील्स फिन्सेनला 1903 चं नोबेल मिळालं होतं. आता सोरायसिससाठी 311 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण तेवढे निवडून यंत्रातून देतात. मी थंडीत गच्चीवर पाठ उन्हाला करून पापड निवडत बसते. फुकट आहे. मेथोट्रेक्सेट घेताना अंग पोळेपर्यंत मात्र बसत नाही.

पाण्याचं एक निरीक्षण माझं स्वतःचं आहे. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी बोअरिंग. बोअरिंगचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका तयार होतो, तो त्वचेवर बसतो. साबण मुळात अल्कलीधर्मी आणि त्वचा किंचित आम्लधर्मी. ज्यांची त्वचा कोरडी, त्यांना हे चांगलंच भोवतं. मी आंघोळीसाठी नर्मदेची एक टाकी वेगळी भरून ठेवते. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून आणलेलं पाणी, 1978 पासून या गावाला पोसणारं. त्यातली एक बादली माझ्या कोपरांसाठी, असं घरचे म्हणतात.

पथ्याबद्दल थोडक्यात. मीठ नाही, तळलेलं नाही, दुधी, पपई, ज्वारीची भाकरी. पोहे-जिलेबीच्या गावात हे करायचं म्हणजे गावाबाहेर राहूनच करावं लागतं. वजन उतरलं आणि चट्टे फिके झाले. केंद्र म्हणतं विषद्रव्यं गेली, माझे डॉक्टर म्हणतात वजन उतरलं की सोरायसिस बऱ्याचदा हलका होतो, चरबीमुळे शरीरातली जळजळ वाढते. श्रेय त्यांनी आपसात वाटून घ्यावं. सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद आला की माझं पथ्य संपतं.

सध्या भाचीचं बाळ हा आमच्या घरातला विषय आहे. सहा महिन्यांचं, गालांवर आणि पायांवर इसब. डॉक्टरांनी सौम्य स्टेरॉइडची ट्यूब दिली, तिनं नुसतं नाव वाचून ती कपाटात वर ठेवून दिली आणि मला फोन केला, “मावशी, तुझ्या त्या केंद्रात बाळांना घेतात का?” मी म्हटलं, ट्यूब खाली काढ, सांगितली तेवढीच आणि तेवढेच दिवस लाव. बादलीत कडुनिंबाचा पाला उकळून घालायचा असेल तर घाल, पण कडुनिंबाचं तेल चुकूनही पोटात देऊ नकोस, तान्ह्या बाळांना त्याची गंभीर विषबाधा झालेली आहे. आंघोळ थोडक्यात आटप, अंग पुसू नको, टीप, आणि ते ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन लाव. लोकरीचं झबलं थेट अंगाला नको. आणि डाळीच्या पिठाचं उटणं घासणं बंद.

शेवटच्या अटीवर तिच्या सासूबाई अडल्या. बाळाची कांती उटण्यानंच उजळते, त्यांच्या चारही मुलांना लावलं होतं. फोनवर बरंच बोलणं झालं. दिवाळीपर्यंत थांबायला त्या तयार झाल्या आहेत. पहिल्या आंघोळीला काय करायचं, याची बोलणी अजून चालू आहेत.